न थांबणारं अंग

माझा धाकटा भाऊ जागेपणी स्थिर बसलेला मी कधी पाहिला नव्हता. तो जन्मला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तळेगावजवळच्या इंदुरीत मागच्या आळीला आमचं घर. अब्बा बांगड्यांचा धंदा करायचे. तळेगाव, वडगाव, कामशेतचे आठवडी बाजार आणि लग्नसराईत गावोगावच्या लग्नघरी जाऊन चुडा भरणं, हे त्यांचं काम. अम्मी घरी बसून बांगड्या मापाप्रमाणे दोऱ्यात ओवायची. मुलगा झाला म्हणून अब्बांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी, हिंदू असो की मुसलमान, लेकीसुनांना बांगड्या भरल्या होत्या.

त्याने मान उशिरा धरली. उचललं की ओल्या कपड्यासारखा हातावर लोंबायचा. इतर मुलं धावायला लागली तेव्हा हा भिंतीला धरून उभा राहायला शिकत होता. तो चालायला लागला आणि त्याच सुमारास अंग हलायला सुरुवात झाली. आधी बोटं, मग खांदे, मग तोंड. ओठ एका बाजूला ओढला जायचा, एक डोळा घट्ट मिटून उघडायचा, जीभ मधेच बाहेर यायची. झोपेतून उठताना सगळ्यांत जास्त. सकाळी त्याचे हातपाय असे उडायचे की अम्मी त्याच्या कडेने गोधड्यांच्या गुंडाळ्या लावून ठेवायची, नाहीतर तो भिंतीवर आपटून घ्यायचा. झोप लागतालागताही झटके यायचे. तो दचकून उठायचा आणि रडायचा नाही, नुसता आढ्याकडे बघत पडायचा.

शहरातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असणार. अम्मी म्हणाली, बाळंतपण तर सोपं झालं, मूल लगेच रडलं. तिचं कोणी ऐकलं नाही. फिट्सची औषधं सुरू झाली. त्यांनी तो गुंगीत राहायचा, लाळ गळायची, आणि अंग हलायचं ते हलतच राहायचं. दर्ग्याचे दोरे बांधून झाले. शेजारच्या एका मावशींनी औंढ्याच्या बाजूला कुणी बघणारा आहे म्हणून सांगितलं. अम्मी तिकडेही घेऊन गेली. त्या माणसाने पोराच्या अंगात बाहेरचं आहे म्हणून लिंबू उतरवलं, अंगारा दिला. परत येताना एसटीत माझ्या भावाने अम्मीला विचारलं, "बाहेरचं म्हंजे कोण? तो मला बघतो का?" अम्मीने त्याला छातीशी धरलं आणि पुन्हा तिकडे कधी गेली नाही.

मग कुणीतरी एका वैद्याचं नाव सांगितलं. त्यांनी नाडी पाहून, शिरांत उष्णता साठली आहे, असं निदान केलं आणि पथ्य दिलं: वांगं नाही, लाल मिरची नाही, आणि चहाचा एक थेंब नाही. बाकीची पथ्यं हळूहळू सुटली. चहाचं मात्र अम्मीने कसोशीने पाळलं. ते तिच्या हातातलं होतं ना. डॉक्टर, औषध, नशीब, यांतलं काहीच तिच्या हातात नव्हतं. आम्ही सगळे सकाळी चुलीभोवती बशीतून चहा प्यायचो आणि भावाला पेल्यात दूध मिळायचं. तो हट्ट करायचा. एकदा त्याने माझी बशी ओढून घेतली तर अम्मीने त्याच्या हातावर मारलं आणि नंतर स्वतःच रडत बसली. पुढे तो मागायचा बंद झाला. पाहुण्यांकडे कुणी कप पुढे केला तर आपणहून सांगायचा, "मला न्हाई चालत."

त्याचं डोकं तल्लख होतं. पाढे, हिशेब, धडे तोंडपाठ. पण अक्षर कुणाला लागायचं नाही, आणि शिक्षकांना वाटायचं हा वर्गात तोंडं वेडावतो. दहावीला लेखनिक मिळावा म्हणून अब्बांनी हेलपाटे घातले, काही जमलं नाही. त्याने स्वतःच पेपर लिहिले आणि नापास झाला. शाळा तिथेच संपली.

अब्बांचा डावा गालही अधूनमधून उडायचा. अगदी थोडा, डोळ्याखालची कातडी माशी बसल्यासारखी थरथरायची. दमले की बोटंही किंचित नाचायची. पण बाईचा हात हातात घेतला की ती बोटं शांत व्हायची. हाताची हाडं दाबत, बांगडी तिरकी करत, एवढ्याशा कड्यातून अब्बा हात असा काढायचे की भरणारीला कळायचंही नाही. एखादी फुटली तरी ते फुटली म्हणायचे नाहीत, "वाढली" म्हणायचे. बायकांना त्यांचा गाल माहीत होता. नवीन सून दचकली तर सासूच सांगायची, "आगं, चाचांचा गाल उडतोय. त्यांची सवय हाय ती." आम्हालाही ती सवयच वाटायची. बापाचा गाल आणि मुलाचं अंग यांचा काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझं लग्न लोणावळ्यात झालं. मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या नवऱ्याचं बाजारात प्लास्टिकच्या वस्तूंचं दुकान आहे: बादल्या, चपला, रेनकोट, डबे. भाऊ तिशीकडे झुकला तरी त्याला काम मिळेना. आंबीच्या कारखान्यांत गेटवरूनच परत पाठवायचे. तेव्हा माझा नवरा म्हणाला, माझ्याकडे येऊ दे, इथे हातातून काही पडलं तरी फुटत नाही. तो हे गमतीने म्हणाला, पण भावाला ते एवढं आवडलं की तो दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन आला.

दुकानात तो रमला. हिशेब तोंडी करायचा, उधारी लक्षात ठेवायचा. नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली. करोनाचे मास्क आले तेव्हा तर तो खूश होता. तोंड झाकलेलं, जीभ दिसायची नाही. त्या काळात तो मला म्हणाला होता, "आपा, सगळ्यांनी कायम असंच राह्यला पायजे." मास्क गेले तरी तो बरेच दिवस लावायचा. मग पावसाळ्याच्या दमट हवेत त्याला श्वास कोंडल्यासारखं व्हायला लागलं आणि त्याने तो काढला.

त्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी नवऱ्याने त्याला धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाठवलं. तिथल्या एका टपरीवर रेनकोट पोचवायचे होते. गर्दी होती, गाड्यांची रांग लागली होती. पुढचं मला टपरीशेजारी कणसं भाजणाऱ्या मावशींनी सांगितलं. भाऊ गठ्ठा खाली ठेवून उभा होता. समोर एक गाडी थांबलेली, काच खाली, आत एक तरुण बाई. त्याचा ओठ ओढला गेला, डोळा मिटला, उघडला, परत मिटला. ती बाई काहीतरी बोलली. गाडीतून पुरुष उतरले.

"म्या वरडत व्हते," मावशी म्हणाल्या. "त्यो आजारी हाय, त्याला मारू नगा. पर कोन ऐकतंय. त्यांनी त्याला नाव इचारलं. नाव सांगितल्यावर लयच मारलं."

गाडीतले किती होते आणि रस्त्यावरचे किती सामील झाले, ते मावशींना सांगता आलं नाही. तो जितका घाबरला तितकं त्याचं अंग जास्त हललं, तोंड जास्त वेडंवाकडं झालं, आणि ते बघून त्यांना वाटलं हा अजून चिडवतोय. कुणीतरी म्हणालं, दारू प्यायलाय. ज्या घरात दारूची बाटली कधी आली नाही, त्या घरातला पोरगा रस्त्याच्या कडेच्या पाण्यात पडला होता आणि लोक त्याचा व्हिडिओ काढत होते. रांग पुढे सरकली तशी ती गाडीही गेली.

त्याची मांडी मोडली होती, समोरचे दात गेले होते. आम्ही त्याला पुण्याला एका मोठ्या इस्पितळात नेलं. हाडाच्या डॉक्टरांनी रॉड घातला, पण पाय काही स्थिर राहीना. वेदनेने अंग उडायचं, अंग उडालं की वेदना व्हायची. आत बसवलेलं सरकलं, पुन्हा भूल द्यावी लागली. हाड वाकडंच जुळणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नवऱ्याने पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं होतं. भावाने सही करायला नकार दिला. मी त्याच्यावर चिडले. तो म्हणाला, "आपा, तिला डोळा मारलेला दिसला. ते खोटं न्हाई. डोळा माझाच व्हता." मी म्हटलं, पण तू मुद्दाम नाही मारलास. तो म्हणाला, "त्ये मी कुनाकुनाला सांगू?"

हाडाच्या डॉक्टरांनीच मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं. एक बाई आल्या, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी लगेच तपासलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग अम्मीला एकेक विचारायला लागल्या. लहानपणी अंग सैल होतं का? उठताना जास्त होतं का? काही दिवस बरे आणि काही एकदम वाईट जातात का? अम्मी प्रत्येकाला हो म्हणत गेली. इतक्या वर्षांत तिला बरोबर प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारले होते आणि तिचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी विचारलं, "चहा, कॉफी घेतो का?"

"कधीच नाही," अम्मी अभिमानाने म्हणाली. "लहानपणापासून एक थेंब नाही दिला."

डॉक्टरांनी रक्त घ्यायला सांगितलं, भावाचं, आईवडिलांचं आणि माझंही. आणि मला म्हणाल्या, कँटीनमधून काळी कॉफी घेऊन या, कडक, आणि त्याला पाजा. चमच्याने पाजावी लागली. निम्मी चादरीवर सांडली. त्याने तोंड वाकडं केलं, ते मात्र कडू लागलं म्हणून.

मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर अम्मी त्याच्या नाकाखाली बोटं धरून उभी होती. "हा हलत का नाही?" ती मला म्हणाली. भाऊ डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याचे दोन्ही हात चादरीवर होते आणि ते नुसते होते. बोटं मधेच एखादी हलत होती, पण हात पडून होते, कुणाचेही असावेत तसे. तो त्या हातांकडे बघत होता. मी विचारलं, काय वाटतंय. तो म्हणाला, "दमल्यासारखं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "अब्बांना बोलव."

रक्ताचा निकाल यायला बरेच आठवडे लागले. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. पेशीला बाहेरून निरोप येतात, हल, थांब, तयार हो. ते निरोप पेशीच्या आत पुढे पोचवणारं एक एन्झाइम असतं, त्याचं नाव ॲडेनिलिल सायक्लेज. त्याचे बरेच प्रकार आहेत. त्यातला पाचवा प्रकार मेंदूच्या ज्या भागात जास्त असतो, तो भाग हालचालींवर ताबा ठेवतो. ते एन्झाइम ज्या जनुकावरून बनतं त्याला एडीसीवाय-फाइव्ह म्हणतात. भावाच्या त्या जनुकात एकच अक्षर बदललं होतं. त्यामुळे एन्झाइम गरजेपेक्षा जास्त चालत होतं आणि जिथे थोडा निरोप पुरे तिथे भरमसाट पोचत होता. ऑक्सिजन वगैरे काही कमी पडलं नव्हतं. कॉफीतलं कॅफीन त्या एन्झाइमला चेव आणणारी एक वाट अडवतं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना त्याने फरक पडतो.

अम्मीने विचारलं, "ते चहात पण असतं का?"

"असतं," डॉक्टर म्हणाल्या. "कमी असतं, पण असतं."

त्यांनी लगेच पुढे सांगितलं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, हे जनुकच अलीकडे कळलंय, चहाने नेमका किती फरक पडला असता ते सांगता येणार नाही. अम्मी मान हलवत होती. नंतर ती दिसेना म्हणून मी शोधायला गेले तर वऱ्हांड्याच्या टोकाला पाण्याच्या नळापाशी बसली होती. "तो मागायचा गं," एवढंच म्हणाली.

अब्बांचा निकाल वेगळा होता. तोच बदल त्यांच्यातही होता, पण काही पेशींत, सगळ्या नाही. गर्भात असताना कधीतरी एका पेशीत तो झाला आणि तिच्यापासून झालेल्या पेशींतच राहिला. म्हणून त्यांचा फक्त गाल उडायचा. मुलाला मात्र तो बदल पहिल्या पेशीपासून मिळाला, म्हणून त्याच्या सबंध अंगात. माझ्यात तो नव्हता.

अब्बा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे माझ्याकडनंच गेलं."

डॉक्टर म्हणाल्या, कुणी पाठवत नाही हो, ते आपोआप होतं. अब्बा हो म्हणाले. पण घरी आल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला पुन्हा तेच विचारलं, आणि काही दिवसांनी पुन्हा.

भावाला इंदुरीला आणलं. सकाळी उठायच्या आधी अम्मी त्याला पडल्यापडल्याच कडक काळी कॉफी पाजायची. दिवसातून पुन्हा दोनदा-तीनदा. सकाळचे झटके निम्म्यावर आले. तो स्वतःच्या हाताने जेवायला लागला, सलग झोपायला लागला. संध्याकाळ झाली की किंवा जीव घाबरा झाला की अंग पुन्हा जोर करायचं. पाय आखूडच राहिला, काठी आली. लोणावळ्याला परत ये म्हणून माझ्या नवऱ्याने कितीदा सांगितलं. तो आला नाही. घराबाहेर पडताना त्याने मास्क लावायला पुन्हा सुरुवात केली. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून, त्याच्या मुलांना हे जायची शक्यता निम्मी आहे, असं सांगितलं होतं. घरी येऊन त्याने ते अम्मीला जसंच्या तसं सांगितलं. लग्नाचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

अब्बांनी बांगड्या भरणं सोडलं. आंबीच्या एका लग्नघरातून बोलावणं आलं, पिढ्यांचं गिऱ्हाईक. अब्बांनी तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. तब्येत बरी होती. मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आता कुनी बाई समोर बसली की मला माझा गालच आठवतो. तिला काय वाटंल ह्येच मनात येतं." इतकी वर्षं ज्या बायकांनी त्यांच्या हातात हात दिले, त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, हे मी सांगून पाहिलं. ते ओसरीवर बसून राहायचे, डाव्या गालावर तळहात ठेवून. अम्मी आत, ते बाहेर. दोघांनी एकमेकांना कधी दोष दिला नाही. दोघांपाशी आपापला होता. भाऊ मधल्या खोलीत पडून दोघांचं न बोलणं ऐकायचा.

गेल्या वर्षी अब्बा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

जनाजा उठायच्या वेळी दारात माणसं मावत नव्हती. मशिदीच्या जमातीचे लोक होते, तितकेच गावातले शेतकरीही होते, ज्यांच्या आयांनी, बायकांनी, सुनांनी अब्बांच्या हातून चुडा भरला होता. भावाने काठी बाजूला ठेवली आणि पुढे होऊन खांदा दिला. दुःखाने त्याचं अंग त्या दिवशी कशालाच दाद देत नव्हतं. मी दारातून बघत होते. जनाजा गल्लीत थोडा पुढे गेला आणि त्याचा खांदा एकदम वर उडाला. जनाजा कलला. बायकांमधून एकच आवाज निघाला. मागून माझ्या नवऱ्याने दांडा पेलला आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. भाऊ बाजूला झाला आणि रिकाम्या हातांनी लंगडत मागून चालत गेला.

कबरस्तानातलं मला नवऱ्याने सांगितलं. भावाला अब्बांना घ्यायला कबरीत उतरायचं होतं. बुजुर्गांनी समजावलं, कडा ढासळेल, तू वरच थांब. त्याने ऐकलं. मूठमाती देताना त्याची मूठ वाटेतच उघडली आणि माती शेजारच्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर उडाली. कुणी ती झटकली नाही.

काही महिन्यांनी मी त्याला पुण्याला तपासणीसाठी घेऊन गेले. या आजारात क्वचित हृदयावरही परिणाम होतो म्हणून डॉक्टरांनी हृदय तपासून घेतलं, ते चांगलं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या तरुणपणात वाढायचं तेवढं हे वाढून झालंय, आता फारसं पुढे जाईल असं वाटत नाही. आणि धीर द्यायला म्हणाल्या, "हा आजार जीव घेत नाही, हे लक्षात ठेवा."

भावाने विचारलं, "म्हणजे अजून बरीच वर्षं आहेत?"

"आहेत की," त्या हसून म्हणाल्या.

त्याने मान हलवली. ओठ ओढला गेला, डोळा मिटला आणि उघडला. मग त्याने काठी घेतली आणि मला म्हणाला, "चल आपा, एसटी चुकंल."